प्रवासाच्या वहीचं पुस्तक करताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रवासातल्या नोंदी, फोटो आणि आठवणी यांचं पुस्तक कसं करायचं, असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यातले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : पायी नर्मदा परिक्रमा केली. रोज रात्री आसन लावलं की वहीत लिहायचो. तीन वह्या भरल्या. परत आल्यावर सगळं टाइप केलं, ते नव्वद हजार शब्द भरलं. घरच्यांनी हौसेने वाचायला घेतलं, पण ओंकारेश्वर सोडून आठ दिवस होतात न होतात तोच सगळ्यांनी खाली ठेवलं. काय कापू आणि काय ठेवू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या वहीत दोष नाही. दिवसभर चालून दमलेल्या माणसाने कंदिलाच्या उजेडात लिहिलेलं ते टिपण आहे आणि त्याचं काम त्याने केलं आहे. अडचण इतकीच की वही दिवसाच्या क्रमाने चालते आणि वाचकाला रोजचा दिवस नको असतो.

आधी टाइप केलेल्या फाइलची एक प्रत 'मूळ' असं नाव देऊन बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. काटछाट दुसऱ्या प्रतीवर करायची. पुढे एखादी तारीख किंवा गावाचं नाव अडलं की मूळ प्रतच उपयोगी पडते. कामाची प्रत कागदावर छापून घ्या, दोन ओळींत भरपूर अंतर सोडून. स्क्रीनवर वाचताना पुनरुक्ती डोळ्यांत भरत नाही.

आता तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. रोज घडणाऱ्या गोष्टींना लाल खूण करा : पहाटे आसन उचललं, अमुक आश्रमात चहा, बारा किलोमीटर चाल, सदावर्त (फुकट शिधा) मिळालं, पाय दुखतात. कुठल्याही पुस्तकात किंवा फोनवर मिळेल अशा माहितीला पिवळी : नदीची लांबी १३१२ किलोमीटर, अमरकंटकचा उगम, परिक्रमेला तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस लागावेत हा संकेत, घाटांच्या पुराणकथा. हिरवी खूण फक्त तुम्ही स्वतः पाहिलेल्या, ऐकलेल्या, अंगावर आलेल्या गोष्टींना. बहुतेकांच्या वहीत लाल आणि पिवळं मिळून निम्म्याहून जास्त निघतं. त्याने खट्टू होऊ नका, पुस्तक हिरव्यातून होणार आहे.

लाल मजकूर सगळाच फेकायचा नाही. सुरुवातीच्या एखाद्या प्रकरणात परिक्रमेतला एक साधा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत नीट सांगा : पाठीवर किती ओझं, पाणी कुठे भरायचं, सदावर्तात काय काय मिळतं, चूल कशी मांडायची. वाचकाला तो दिवस एकदा कळला की पुन्हा सांगायचा नाही. तो क्रम मोडला, तरच पुन्हा लिहायचं. शिधा मिळाला पण सरपण ओलं निघालं, किंवा मुक्कामाची जागा भरलेली म्हणून अंधारात पुढे चालावं लागलं, तर तो दिवस पुस्तकात यायलाच हवा.

मांडणी दिवसांऐवजी तटांप्रमाणे करा. परिक्रमेला तिचे स्वतःचे टप्पे आहेत : ओंकारेश्वरहून नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने पश्चिमेला, मग शूलपाणीची झाडी (नदीकाठचं जंगल), पुढे समुद्राकाठ आणि नावेतून उत्तर तटावरची मिठी तलाई, तिथून उत्तर तटाने अमरकंटक, आणि पुन्हा दक्षिण तटाने परत. हे पाच भाग पुरेसे आहेत. पानं समसमान वाटण्याचा अट्टहास नको. नावेतल्या एका दिवसाला बारा पानं आणि नंतरच्या पंधरा दिवसांना दोन परिच्छेद असं झालं तरी चालतं. फक्त प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तारीख आणि ठिकाण द्या, म्हणजे वाचक हरवत नाही.

हिरवा मजकूरसुद्धा जसाच्या तसा पुस्तकात जात नाही. वहीत साधारण अशी नोंद असते : '११ किमी. आश्रमात खिचडी. बाबा चांगले. पाय सुजला.' यातलं 'बाबा चांगले' वाचकाच्या काही कामाचं नाही. चांगले म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं, ते आठवा. दारातच 'कितनी मूर्ति?' असं विचारून माणसं मोजली आणि तेवढ्याच पत्रावळी मांडल्या? सुजलेला पाय पाहून तेल कोमट करून दिलं, की नुसतं बोट दाखवून 'वहाँ बैठो' म्हणाले? आठवतं तेवढंच लिहा. काहीच आठवत नसेल तर ओळ काढून टाका, पण 'प्रेमळ', 'तेजस्वी', 'सात्त्विक' अशा विशेषणांनी भोक बुजवू नका. संवादांचंही तसंच. वहीत जे वाक्य हिंदीत किंवा निमाडीत टिपलं असेल ते त्याच भाषेत ठेवा. जे टिपलेलं नाही ते अवतरणचिन्हांत घालू नका, 'असं काहीसं म्हणाले' एवढंच लिहा.

परिक्रमेच्या पुस्तकांत हमखास बिघडणारी जागा म्हणजे अनुभूती. 'हे शब्दांत सांगता येणार नाही' असं लिहिलं की वाचक बाहेर राहतो. त्याऐवजी समोर काय होतं ते सांगा : वेळ कोणती, पाणी किती जवळ, शेजारी कोण, एखादी मुलगी अचानक समोर आली असेल तर ती कुठून आली आणि कुठे गेली. पाहिलं काय आणि त्याचा अर्थ काय लावला, ही दोन वाक्यं वेगळी ठेवा. श्रद्धेला त्याने धक्का लागत नाही. उलट श्रद्धा नसलेला वाचकही तुमच्याबरोबर चालतो.

तारखा जुळवायला तुमच्याकडे उत्तम पुरावा आहे : परिक्रमेच्या पत्रावर किंवा वहीत आश्रमांनी आणि ग्रामपंचायतींनी मारलेले शिक्के. ते एका कागदावर क्रमाने उतरवा आणि मजकुराशी ताडून पाहा. परिक्रमेचा महिना आणि सालही स्पष्ट लिहा. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. पाणी चढलं की काठच्या वाटा बुडतात आणि चालणारे वरून जातात. पुस्तक वाचून कोणी तरी पाठीवर ओझं घेऊन निघणार आहे, म्हणून ही वाट कधीची आहे हे त्याला कळायलाच हवं.

नव्वद हजारांचे पंचेचाळीस हजार शब्द करायचं उद्दिष्ट ठेवा. पहिल्या फेरीत लाल, दुसऱ्या फेरीत पिवळं, आणि तिसऱ्या फेरीत एकमेकांसारखे हिरवे प्रसंग काढा. आदरातिथ्याचे वीस प्रसंग असतील तर चार ठेवा. ही तिसरी फेरी सगळ्यात जड जाते, कारण प्रत्येक प्रसंगामागे एक माणूस असतो. ज्यांचे प्रसंग गाळले त्यांची गावांसह एक यादी शेवटी द्या. कृतज्ञताही राहते आणि मजकूरही अडखळत नाही.

प्रश्न : आजीने १९५६ मध्ये काशी, प्रयाग, गया अशी यात्रा केली, त्याची वही सापडली आहे. 'कांहीं', 'नाहीं', 'आंत' असं जुनं लेखन, खर्च रुपये-आणे-पैमध्ये, तारखा तिथींमध्ये. शाई पुसट झाली आहे. भाषा सुधारून छापावी की तशीच? — एक वाचक, सातारा

उत्तर : आजींनी लिहिलं ते तेव्हाच्या रीतीप्रमाणे बरोबरच होतं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. नवीन वाचकासाठी तेवढे अनुस्वार काढायला हरकत नाही, पण शब्द बदलू नका. 'आगगाडी', 'बिऱ्हाड', 'मुक्काम पडला', 'प्रकृत बरी नव्हती' हे जसंच्या तसं राहू द्या. काय बदललं आणि काय नाही, ते सुरुवातीला चार ओळींत सांगा आणि वहीच्या दोन पानांची छायाचित्रं छापा.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण आहे. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीतला आपला प्रवास सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढला. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये तो प्रसिद्ध केला, पण संपादकाचा हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम 'माझा प्रवास' वाचायला १९६६ उजाडलं, दत्तो वामन पोतदारांनी ती आवृत्ती काढली तेव्हा. हस्तलिखित जपलं गेलं होतं म्हणूनच ते शक्य झालं. तुम्ही कितीही बदल केले तरी मूळ वही आणि तिचे स्कॅन जपा, हे त्यासाठीच सांगतो.

स्कॅन रंगीत करा, ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० ठिपके). काळ्या-पांढऱ्या पर्यायात पुसट शाई पार नाहीशी होते. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. उतरवून घेताना न लागलेला शब्द [अवाचनीय] असा चौकटी कंसात द्या आणि अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका. अंदाज मजकुरात मिसळून गेला की नंतर तो ओळखता येत नाही.

हिशेबाकडे नीट लक्ष द्या. दशमान पैसे आले १ एप्रिल १९५७ रोजी. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. वहीत 'रु. २-६-०' असेल तर ते दोन रुपये सहा आणे. पुष्कळदा टाइप करणारा ते २.६० करून टाकतो. खरी रक्कम २ रुपये साडेसदतीस पैसे होते. आकडे मूळ रूपातच ठेवा आणि एकदा तळटीप द्या.

तिथींत आणखी एक खाच आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, काशीकडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात महिन्याचं नाव दोन्हीकडे एकच असतं, वद्य पक्षात मात्र आपला माघ वद्य हा तिकडचा फाल्गुन कृष्ण. आजींनी तिथल्या उपाध्यायांकडून ऐकून तिथी लिहिली असेल तर तारीख महिनाभराने चुकेल. आधी त्या वर्षीचं पंचांग मिळवा, मग वहीतला एखादा सण किंवा ग्रहण धरून ताळा करा.

गावांची नावं जुनीच राहू द्या. आजी मोगलसराईला गाडी बदलत होत्या, ते स्टेशन २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे, एवढं तळटिपेत पुरे.

आणि एक कायद्याची बाब. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या लिखाणाचा हक्क ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं राहतो आणि तो वारसांकडे जातो. म्हणून आजींच्या मृत्यूला कितीही वर्षं झाली असली आणि वही तुमच्या कपाटात असली तरी काका, आत्या यांची लेखी संमती घ्या. एका पानावर सह्या झाल्या की पुढे घरात वाद राहत नाही.

प्रश्न : आम्ही गाडीने पुणे ते कन्याकुमारी जाऊन आलो. लिहिलं काहीच नाही. तीन हजार फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश आहेत. एवढ्यावर पुस्तक होईल का? — एक वाचक, सिंगापूर

उत्तर : होईल, पण आधी सांगाडा उभा करावा लागेल. एक तक्ता करा : तारीख, वेळ, ठिकाण, पुरावा, आठवण. फास्टॅगच्या हिशेबात प्रत्येक टोलनाक्याचं नाव आणि वेळ असते, त्यातून रस्ता जवळजवळ पूर्ण मिळतो. यूपीआयच्या नोंदींत चहाच्या टपरीपासून लॉजपर्यंत सगळं सापडतं. फोनच्या मूळ फोटोत वेळ आणि बहुधा ठिकाणही दडलेलं असतं, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ती माहिती गळून जाते. म्हणून बरोबरच्यांकडून मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपचं संभाषण 'एक्स्पोर्ट' करून साध्या मजकुराची फाइल मिळते. सिंगापूरची घड्याळं भारतापेक्षा अडीच तास पुढे असतात, तेव्हा कॅमेऱ्याची किंवा फोनची वेळ तिकडचीच राहिली होती का, हे एका ओळखीच्या घटनेवरून तपासा.

हॉटेलच्या आणि पेट्रोलच्या पावत्या असतील तर आजच स्कॅन करा. त्या कागदावरची छपाई उष्णतेची असते आणि आपोआप उडते. लॅमिनेट करायला गेलात तर अख्खी पावती काळी पडेल.

तक्ता झाला की फोटो बंद करा आणि फोटोत नसलेलं आधी लिहा : गाडीतली भांडणं, वास, चुकलेलं वळण, न आवडलेलं जेवण. फोटो समोर ठेवून लिहिलं की मजकूर फोटोखालच्या ओळींसारखा होतो. बरोबरच्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवून अर्धा तास बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. सगळे एकत्र बसले की मोठ्याने बोलणाऱ्याचीच आठवण सगळ्यांची होऊन जाते. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा.

बोलून टाइप करत असाल तर एका वेळी दोन-तीन वाक्यंच बोला आणि लगेच वाचून पाहा. गावांची नावं आणि ऱ्हस्व-दीर्घ तिथेच बिघडतात, आठवड्याने पाहिलं तर मूळ काय होतं ते आपल्यालाही कळत नाही.

प्रश्न : भेटलेल्या माणसांची खरी नावं द्यावीत का? कविता, गाणी, नकाशा वापरता येतो का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चांगलं लिहिलं असेल तरीही विचारून नाव द्या. आजार, घरातली भांडणं, पैशांची ओढाताण सांगितलेल्या माणसाचं नाव, गाव आणि व्यवसाय या तिन्ही गोष्टी बदला. लहान गावात नुसतं नाव बदलून भागत नाही.

तुकोबांचे अभंग खुशाल घ्या. आधुनिक कवींच्या ओळी आणि चित्रपटगीतं मात्र कवीची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी असेल तरच. कुणी पाठवलेलं पत्र तुमच्याकडे असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क पाठवणाऱ्याचा असतो.

नकाशासाठी फोनवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट छापू नका. छपाईत अक्षरं वाचता येत नाहीत आणि वापराच्या अटी वेगळ्याच असतात. प्रवासाच्या पुस्तकाला साधा रेघांचा नकाशा सगळ्यात शोभतो : वाट, नदी, मुक्काम, दिशा, अंतराची पट्टी. देशाची सीमा दाखवणार असाल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचाच नकाशा आधाराला घ्या. सीमा चुकीची छापणं हा गुन्हा आहे.

प्रश्न : मजकूर तयार आहे. स्वतःच छापायचं आहे. पानं, कागद, फोटो, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) यांचं गणित सांगाल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच) प्रवासवर्णनाला सोयीचा. पानावर साधारण २८० शब्द बसतात, म्हणजे ४५,००० शब्दांची १६० पानं. त्यात शीर्षकपान, मनोगत, अनुक्रम यांची दहा मिळवा. छपाई १६ पानांच्या फर्म्यावर (एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यावर) चालते, म्हणून १७० पानांना ११ फर्मे, म्हणजे १७६ पानं लागतात. उरलेली सहा नकाशा आणि स्थळसूचीला द्या, कोरी सोडू नका. आतला कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा, मुखपृष्ठ ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड. शिवणीकडचा समास २० मिलिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर आतली अक्षरं बांधणीत जातात.

रंगीत फोटो मजकुरात विखुरले तर प्रत्येक फर्मा रंगीत होतो आणि खर्च वाढतो. आर्ट पेपरची आठ पानं एकत्र मध्ये घाला. फोटो ३०० डीपीआयचा हवा : साडेचार इंच रुंद छापायचा तर रुंदीत किमान १३५० पिक्सेल. डीटीपीवाल्याला (संगणकावर पानं लावणाऱ्याला) व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मॅपलिथोवर कृष्णधवल छापायचा असेल तर सावल्या आधीच थोड्या उजळून घ्या. तो कागद शाई शोषतो आणि चेहरे काळवंडतात.

डीटीपी जुन्या फाँटमध्ये असेल तर युनिकोडमधून तिकडे नेताना 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. पायऱ्या, वऱ्हाड, तऱ्हा, ॲ, द्ध, द्व हे मुद्दाम शोधून पाहा. शेवटची प्रुफं लेखकाने एकट्याने वाचू नयेत, आपल्या डोळ्यांना आपल्याला माहीत असलेलंच दिसतं. गावांची नावं आणि तारखा दुसऱ्याने मोठ्याने वाचाव्यात आणि तुम्ही मूळ वहीशी ताडाव्यात.

शंभराच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई, काही शेकडा असतील तर ऑफसेट. दरपत्रकं किमान तीन ठिकाणांहून घ्या, आणि तिन्हींना आकार, पानं, कागद, बांधणी, प्रती हे एकसारखंच लिहून द्या. नाहीतर तुलना करता येत नाही. तुमच्याकडून पैसे घेऊन प्रकाशित करणाऱ्यांशी करार करताना छापील प्रती किती, उरलेल्या कुणाच्या आणि छपाईच्या फाइल कुणाकडे राहणार, हे लिहून घ्या.

आयएसबीएन राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. स्वतः प्रकाशित करणारा लेखकही अर्ज करू शकतो. ई-पुस्तक काढलंत तर त्याला वेगळा क्रमांक लागतो. पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे एकेक प्रत स्वखर्चाने पाठवणं १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. स्वतः छापलंत तर प्रकाशक तुम्हीच, तेव्हा प्रतींच्या हिशेबात या चार आधीच धरा.